काळ्या रानावर खो-खोचं मैदान : प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२५

जागा ठरली. शाळेच्या मागची, पश्चिमेच्या कुंपणभिंतीलगतची. खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर, भोवती दीड मीटर मोकळी पट्टी धरली की ३० बाय १९ लागतं. आमच्या जागेत तेवढं बसून प्रत्येक बाजूला थोडं उरतं. भिंत जवळ आहे म्हणून तिकडची बाजू जास्त सोडणार. मुलगी वेगात बाहेर गेली तर तिला थांबायला जागा हवी.

जमीन काळी. माळशिरस तालुक्यातला हा कालव्याचा पट्टा, ऊस उत्तम येतो. पण हीच माती उन्हाळ्यात पाय अडकेल एवढी भेगाळते आणि पावसात चिकटते. म्हणून आजवर मुली शाळेपुढच्या फरशीवर सराव करत आल्या. नडग्या दुखणं, गुडघे सोलणं रोजचं. जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखालच्या भारतीय महिला संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं, आणि दुसऱ्याच आठवड्यापासून सरावाला एवढ्या मुली यायला लागल्या की फरशी पुरेना. फरशीवर सूर मारायला मी कुणालाच सांगणार नाही. आणि सूर शिकवायचा नाही तर मग खो-खो अर्धाच शिकवायचा. म्हणून मैदान.

मॅटचा भाव काढला होता. तो विचार सोडून दिला. शेजारच्या शाळांतले क्रीडाशिक्षक विचारतात, म्हणून या नोंदी.

२२ मार्च

जेसीबीवाल्याचं म्हणणं होतं, काळी माती फूटभर काढून टाकू आणि खड्ड्यात मुरूम भरू. रस्त्याच्या कामाला तसं करतात. आमच्या गवंड्यांनी थांबवलं. चारी बाजूंनी काळी माती आणि मध्ये मुरमाचा खड्डा, म्हणजे पाणी आत शिरणार आणि निघायला वाट नाही. बाहेर काढून द्यायची सोय नसेल तर खाली खणू नये, वर चढवावं. फक्त गवत, मुळ्या आणि भुसभुशीत थर, चार बोटं जाडीचा, खरवडून घेतला. जेसीबीचे ४,२०० रुपये.

मुरमाचा हिशेब असा केला : ३० गुणिले १९ म्हणजे ५७० चौरस मीटर, सरासरी १० सेंटीमीटर जाडी, ५७ घनमीटर. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, म्हणजे दाबून झाल्यावर २० ब्रास. मुरूम दबतो, म्हणून ब्रासभराच्या २५ ट्रॉल्या सांगितल्या. गौण खनिजाची परवानगी काढल्याशिवाय मुरूम उचलायचा नाही, हे आधीच ठरवलं होतं. अर्ज मात्र उशिरा दिला गेला, आणि मार्चअखेरच्या गर्दीत तो अडकला. ज्यांना हे काम उन्हाळ्यात संपवायचंय त्यांनी अर्ज जानेवारीत द्यावा.

१४ एप्रिल

जयंतीची मिरवणूक संध्याकाळी, त्यामुळे सकाळी गावातली तरुण मुलं मोकळी होती. ट्रॉल्यांचे ढीग पसरून झाले.

उताराबद्दल. मधली पाटी जिथून जाणार, म्हणजे दोन खांबांमधला लांबीचा आखलेला पट्टा, तिथे मुरूम १४ सेंटीमीटर आणि दोन्ही लांब कडांना ६. म्हणजे मधून दोन्हीकडे आठ सेंटीमीटरचा उतार. डोळ्यांना जाणवत नाही, पाण्याला कळतो. मापासाठी गवंड्यांची पाण्याची नळी वापरली. नळीत बुडबुडा राहिला तर माप खोटं येतं, म्हणून दर वेळी दोन्ही टोकं शेजारी धरून पातळी जुळते का ते बघायचं आणि मग नळी लांब न्यायची.

मुरमातले मोठे दगड आत्ताच वेचावेत. एकदा रूळ फिरला की ते वर डोकावतात आणि मग पहारीशिवाय निघत नाहीत.

२६ एप्रिल

दबाई. पहिल्यांदा टँकरचं पाणी जरा जास्त झालं, मुरूम रुळाला चिकटून वर उचलला गेला. एक दिवस सोडून पुन्हा. मुरूम मुठीत दाबला तर लाडू व्हावा, पण हाताला पाणी लागू नये, एवढाच ओलावा हवा. दोन थरांत दाबलं. एकदम सगळी जाडी टाकून रूळ फिरवला तर वरचं घट्ट होतं आणि खालचं पोकळ राहतं, पावसाळ्यात तिथेच खड्डे पडतात. रूळ आणि पाणी मिळून ६,८०० रुपये. उन्हाचा पारा बघता काम सकाळी सहा ते नऊ एवढंच.

५ मे

वरच्या थरासाठी तलावाचा गाळ आणला. ‘गाळमुक्त धरण’ योजनेतून शेतकरी नेत होते, आम्हालाही मिळाला, फुकट. बारीक, मऊ, एक खडा नाही. अनवाणी चालून बघितलं, पायाला फार बरं वाटलं. दोन इंचाचा थर दिला.

२१ मे

काल रात्री जोराचा वळीव झाला. सकाळी मैदानावर पाऊल ठेवलं तर चप्पल तिथेच राहिली. गाळ म्हणजे बहुतेक चिकणमातीच. शेताला सोनं, मैदानाला नाही. जिथे दुपारपर्यंत वाळला तिथे पापुद्रे धरून भेगा पडल्या, कडा वर वळलेल्या आणि धारदार.

गावातले आण्णा पूर्वी तालमीत होते, त्यांनी सांगितलेली परीक्षा आधी करायला हवी होती असं सगळ्यांचंच मत पडलं. परीक्षा सोपी आहे. ज्या मातीचा विचार असेल तिच्या ओल्या टिकल्या करायच्या, उन्हात वाळवायच्या, मग बोटांनी मोडायच्या. आम्ही आज केल्या. नुसत्या गाळाची टिकली दगडासारखी, मोडेना. नुसत्या चाळलेल्या मुरमाची हात लावताच भुगा. तीन घमेली चाळलेला मुरूम आणि एक घमेलं गाळ, ही टिकली जोर दिल्यावर मोडली आणि मोडल्यावर रवाळ पडली. हेच प्रमाण घ्यायचं.

गाळ ट्रॅक्टरच्या फळीने खरवडायला २,५०० रुपये. पण वाळल्याशिवाय खरवडता येत नाही, आणि पाऊस थांबायला तयार नाही.

२७ मे

या वर्षी मे महिन्यातच पावसाळा आला. नीरेच्या पट्ट्यात दोन दिवस असा पाऊस लागला की ओढे फुटून वाहिले. काम बंद. पण या पावसाने एक गोष्ट दाखवली, जी कोरड्या दिवसांत कधीच कळली नसती.

मैदानाच्या आग्नेय कोपऱ्यात पाणी तुंबत होतं. उतार बरोबर होता, नळी पुन्हा लावून बघितली. मग शिपाई मामा आणि मी छत्री घेऊन पावसातच उभे राहिलो, पाणी येतं कुठून ते बघत. मैदानावर पडलेलं पाणी दोन्ही बाजूंना नीट उतरत होतं. तुंबणारं पाणी शाळेच्या पत्र्याचं होतं. सहा वर्गांच्या छपराचं सगळं पाणी पन्हाळीतून त्या कोपऱ्यावर पडत होतं. मुरूम कितीही चढवला असता तरी तो कोपरा वाहूनच गेला असता. मैदान करणाऱ्याने एक मोठा पाऊस मैदानावर उभं राहून बघावा. नकाशा नंतर काढावा.

९ जून

उघडीप मिळाली. पन्हाळीला पाइप जोडून पाणी पुढच्या बाजूच्या शोषखड्ड्यात सोडलं. दोन्ही लांब बाजूंना, मोकळ्या पट्टीच्या बाहेर, फूटभर रुंद चर खणला. चर उघडा ठेवायचा नाही. धावताना पाय गेला तर घोटा मोडेल. तळाला मोठे दगड, वर खडी, सगळ्यात वर जाड मुरूम, जमिनीच्या पातळीला. भिंतीखालून पाणी बाहेर काढायला एक पाइप, तोंडाला जाळी. चर, खडी आणि पाइप मिळून ७,४०० रुपये. हा खर्च मूळ अंदाजात नव्हताच.

१२ जून

वरचा थर पुन्हा. ग्रामपंचायतीच्या वाळूच्या चाळणीने मुरूम चाळला, खरवडलेल्या गाळातला लागेल तेवढा त्यात मिसळला, बाकीचा गाळ शेजारच्या शेतकऱ्यांनी नेला. मजुरी धरून ९,२५० रुपये. क्रश सँड मिसळायचा सल्ला दोघांनी दिला होता. मी घेतला नाही. तिचे कण टोकदार असतात. त्यावर सूर मारणाऱ्या मुलीच्या कोपराचं काय होईल ते दिसत होतं.

पाणी मारून हलका रूळ. मग दाताळ्याने वरचा अर्धा इंच मोकळा केला, खांबांच्या भोवती जरा जास्त, कारण बहुतेक सूर तिथेच पडतात.

१४ जून

खांब. मार्चमध्ये बाभळीचे दोन ओंडके १,८०० रुपयांना घेऊन सुताराकडे दिले होते. ओलं लाकूड, मे महिन्यात उभे तडकले. फटीत बोट जात होतं. खांबाला हात घालून फिरणाऱ्या मुलीचं बोट त्या फटीत अडकलं तर काय, म्हणून दोन्ही रद्द. मग गावातल्या एका जुन्या वाड्याच्या पाडकामात निघालेली सागवानी तुळई वाड्याच्या मालकांनी दिली, पैसे घेतले नाहीत. सुतारदादांनी कापून लेथवर गोल करून दिली, वर डोकं गुळगुळीत, कुठे कंगोरा नाही. जमिनीवर १२२ सेंटीमीटर. नियमात १२० ते १२५ चालतं. परीघ ३३ सेंटीमीटर. पकडून बघितलं, आठवीतल्या मुलीच्या हातालाही नीट बसतो.

जमिनीत दोन फूट. गाडायच्या भागाला वाळवीसाठी डांबराचे दोन हात. काँक्रीट करणाऱ्याने मात्र वरपर्यंत भरून खांबाभोवती सुबक ओटाच करून ठेवला. दिसायला पक्का, पण सूर मारणाऱ्याचं डोकं किंवा हनुवटी नेमकी तिथे येते. त्याच संध्याकाळी ओलं असतानाच वीतभर खालपर्यंत काढून घेतलं आणि वर मातीचा थर दाबला. काँक्रीट ओलं होतं म्हणून जमलं. लाकूड वगळून खांबांचा खर्च ३,६०० रुपये, बाभळीचे वेगळे.

२१ जून

शाळा सुरू झाली. आज योगदिनाचा कार्यक्रम झाल्यावर मोठ्या मुलींना घेऊन आखणी. ही नोंद जरा लांब आहे, कारण तालुक्यातल्या बऱ्याच मैदानांवर आखणीच चुकलेली असते आणि मुलींना घरच्या मैदानावर बसलेली पावलं बाहेरच्या मैदानावर सोडावी लागतात.

काटकोन. कोपऱ्यावर ३-४-५ चं माप धरून सुरुवात केली, पण एवढ्या मोठ्या चौकोनाला तेवढं पुरत नाही. चारही कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्यावर दोन्ही कर्ण मोजा. २७ बाय १६ ला कर्ण ३१ मीटर ३८ सेंटीमीटर यायला हवा, दोन्ही सारखे. आमचा एक ३१.५२ आला, दुसरा ३१.२५. खुंट्या सरकवत जुळवायला सकाळ गेली.

आडव्या पाट्या. मधोमध लांबीत मधली पाटी, ३० सेंटीमीटर रुंद. दोन खांबांच्या रेषांमध्ये २४ मीटर, त्यापलीकडे दोन्ही टोकांना दीड-दीड मीटर मुक्त क्षेत्र. आडव्या पाट्या आठ, प्रत्येक ३५ सेंटीमीटर रुंद, दोन पाट्यांमध्ये २ मीटर ३०, आणि खांबाच्या रेषेपासून पहिली पाटी २ मीटर ५५. मुलींनी आधी एकेक अंतर मोजून पुढे सरकत आखलं. शेवटच्या पाटीपासून खांबाच्या रेषेपर्यंत २ मीटर ५५ ऐवजी २ मीटर ४७ उरले. प्रत्येक वेळी अर्धा सेंटीमीटर खाल्ला की शेवटी आठ होतात. कापडी टेप होती, तीही ताणली जाते.

नवी फायबरची टेप आणली. तिचा शून्य एका खांबाच्या रेषेवर धरून, टेप न हलवता, पुढच्या आकड्यांवर खुणा केल्या : २.५५, २.९०, ५.२०, ५.५५, ७.८५, ८.२०, १०.५०, १०.८५, १३.१५, १३.५०, १५.८०, १६.१५, १८.४५, १८.८०, २१.१०, २१.४५ आणि दुसरी खांबाची रेषा बरोबर २४ वर. नववीतल्या एका मुलीने हे आकडे पुठ्ठ्यावर लिहून क्रीडासाहित्याच्या खोलीत लावलेत. आता आखणी तिच्याकडेच.

चुना. नेहमीची फक्की म्हणून दुकानातून जो चुना आणला तो नीट विरलेला नव्हता. कणीवर पाणी टाकल्यावर गरम झाली, तेव्हाच बाजूला ठेवला. घामेजल्या कातडीवर, सोललेल्या गुडघ्यावर किंवा डोळ्यात असा चुना गेला तर भाजतो. खडूची भुकटी महाग पडते, तरी तीच घेतली. टेप आणि भुकटीचे १,९०० रुपये. रोज फक्की मारायला लागू नये म्हणून सुती नवार खिळ्यांनी ठोकूनही बघितली. पहिल्या पावसात माती फुगली आणि खिळे वर आले. सगळे मोजून काढले, एकही आत राहू दिला नाही. हा प्रयोग कुणी मातीच्या मैदानावर करू नये.

४ जुलै

गाव पालखी मार्गावर. दरवर्षी शाळेच्या आवारात दिंड्यांचा मुक्काम असतो, आणि तो असायलाच हवा. या वर्षी आधीच दिंडीप्रमुखांना भेटून मैदान दाखवलं. ट्रक रस्त्याकडेला उभे राहिले. तंबू मात्र जागेअभावी मैदानाच्या अर्ध्या भागावर आलेच, रात्री पाऊस होता, नाही म्हणणं शक्य नव्हतं आणि योग्यही नव्हतं. सकाळी माउली निघताना स्वतः झाडून गेले.

मेखांची भोकं राहिली. ती नुसती वरून माती ओढून बुजवली तर पाय धसतो. प्रत्येक भोकात तीन-एकचं मिश्रण थोडं थोडं टाकून सळईने ठासलं. पुढच्या वर्षी मेखांऐवजी वाळूच्या पोत्यांना दोऱ्या बांधायच्या, असं दिंडीवाल्यांशी बोलणं झालंय.

१९ जुलै

सराटा उगवला. चराच्या कडेने पिवळी फुलं दिसायला लागली की उशीर झालाच समजा. फुलानंतर काटा धरतो आणि एक वेल सगळं मैदान नासवते. मुली अनवाणी खेळतात. दर शनिवारी सरावाआधी ओळीने चालत मुळासकट उपटायचा आणि आवाराबाहेर जाळायचा. पडलेले काटे डोळ्यांना दिसत नाहीत, त्यासाठी ओलं गोणपाट मैदानभर ओढतो, काटे त्यात अडकतात. आरोग्य केंद्रातून ज्यांचं धनुर्वाताचं इंजेक्शन राहिलं होतं त्यांना ते देऊन घेतलं.

९ ऑगस्ट

मैदानाचा परिणाम बघते आहे. नडग्यांच्या तक्रारी पुष्कळ कमी. पण दुसरी गोष्ट पुढे आली. आता धावायला जागा मिळाल्यावर काही मुली बचावाला उतरून दीड-दोन मिनिटांतच धापा टाकतात, एकीला चक्कर आली. चौकशी केली तर सकाळी सहाला घरून फक्त चहा पिऊन येतात. आईच्या डब्याची वेळ आठची. कुणाच्या घरी कमी आहे असं नाही, वेळच जुळत नाही. मग आदल्या संध्याकाळी मूठभर हरभरे भिजत घालायचे, सकाळी गुळाच्या खड्यासोबत खाऊन यायचं, असं ठरवलं. आयांची बैठक घेतली, त्यांनी लगेच मान्य केलं. काहींनी आपणहून शेंगदाण्याचे लाडू पाठवले. ज्या मुली फिकट दिसत होत्या त्यांचं रक्त तपासून घेतलं, शाळेत मिळणारी लोहाची गोळी समोर घ्यायला लावते, कारण पोटात मळमळतं म्हणून ती पुष्कळदा खिशात जाते. जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो.

सरावाच्या वेळेची वाटणीही बदलली. आधी सगळा वेळ साखळीतल्या, म्हणजे बसलेल्या खेळाडूंमधून नागमोडी, धावण्यावर जायचा. आता पहिली दहा मिनिटं चालणं, हलकं धावणं, घोटे आणि मांड्या मोकळ्या करणं, आणि पाटीत बसून उठायचा सराव. उठताना पहिलं पाऊल कुठलं, हे न बघता खो दिला-घेतला की फाऊल होतो आणि गुडघाही मुरगळतो. सूर शिकवायला गाद्यांपासून सुरुवात, मग मोकळ्या केलेल्या मातीवर, आणि शेवटी खांबाशी. हा क्रम मी कुणाच्याही घाईसाठी बदलणार नाही.

३० ऑगस्ट

हिशेब. जेसीबी ४,२००, मुरूम ३१,२५०, रूळ-पाणी ६,८००, गाळ खरवडणे २,५००, वरचा थर ९,२५०, खांब बाभळीसकट ५,४००, चर आणि पन्हाळ ७,४००, टेप-भुकटी १,९००. एकूण ६८,७०० रुपये. श्रमदान यात धरलेलं नाही. यातले गाळ आणि बाभूळ मिळून ४,३०० वाया गेले. माजी विद्यार्थ्यांनी निम्म्याहून जास्त दिले, बाकी ग्रामपंचायत आणि पालक.

ज्यांना एवढे पैसे जमणार नाहीत त्यांना माझं सांगणं : मुरमाची जाडी कमी करा, खांब साधे वापरा, पण छपराच्या पाण्याची वाट आणि दोन्ही कडांचे चर सोडू नका. पाणी थांबलं तर वरचं सगळं काम दोन पावसाळ्यांत जातं.

राहिलेली कामं : भिंतीखालच्या पाइपची जाळी पालापाचोळ्याने भरते, दर पंधरा दिवसांनी काढायची. वरचा थर खांबांजवळ झिजलाय, परतीचा पाऊस सरल्यावर तिथे मिश्रणाची एक ट्रॉली. मैदानाच्या पश्चिमेला सावलीसाठी दोन कडुलिंब लावायचेत, मोकळ्या पट्टीपासून लांब, म्हणजे मुळं मुरमात येणार नाहीत. आणि मुलांच्या संघाने सकाळची वेळ मागितली आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार मुली आणि बाकीचे तीन दिवस मुलं, असं वेळापत्रक मुख्याध्यापकांकडे दिलंय.